एनबीए या उत्तर अमेरिकेतील बास्केटबॉल लीगमधील खेळाडूंच्या अदलाबदलीच्या अफवांवर किती विश्वास ठेवावा, आणि अशा अदलाबदलींमुळे संघांमधील जुने वैर संपते का?

मी सोलापुरात पहाटे उठून सामने पाहणारा बॉस्टन सेल्टिक्सचा चाहता आहे, हे आधीच सांगतो. अफवा वाचताना प्रथम पगारांचा मेळ पाहावा. लीगने ठरवलेली संघाच्या एकूण पगारांची मर्यादा ओलांडलेल्या संघाला मोठा खेळाडू घेताना साधारण तेवढ्याच पगाराचे खेळाडू द्यावे लागतात आणि बहुतेक चर्चा तिथेच गळून पडतात. याउलट 2 फेब्रुवारी 2025 रोजी, आपल्याकडे रविवारची सकाळ असताना, लुका डॉन्चिच डॅलसच्या संघातून लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे आणि अँथनी डेव्हिस डॅलसकडे गेल्याची बातमी आली, तेव्हा तिची आधी कुजबुजही नव्हती.

वैर मात्र संपत नाही, कारण ते खेळाडूंपेक्षा शहराशी आणि जर्सीशी जोडलेले असते. सेल्टिक्स आणि लेकर्स अंतिम मालिकेत 12 वेळा भिडले आणि 9 वेळा सेल्टिक्स जिंकले, तरी 2010 च्या सातव्या सामन्यातील पराभव मला अजून सलतो. डॉन्चिचचा खेळ मला मनापासून आवडतो. पण लेकर्सच्या जर्सीत तो आमच्याविरुद्ध उतरतो, तेव्हा बास्केटकडे टाकलेला त्याचा प्रत्येक चेंडू चुकावा असेच मला वाटते.