आजीच्या घरी ‘छान झालंय’ असं कुणी का म्हणत नाही?

प्रिय बाय,

तू वर्गाबरोबर बर्फात गेली आहेस, घर रिकामं आहे, म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर आज लिहायला घेतलं. तोंडी सांगायला गेले असते तर अर्धं जर्मन, अर्धं मराठी झालं असतं आणि नेमकं सांगायचं ते राहून गेलं असतं.

३१ डिसेंबरला शेजाऱ्यांकडे राक्लेटच्या, म्हणजे टेबलावरच चीज वितळवून खायच्या जेवणाच्या, टेबलाभोवती प्रत्येकाने वर्षातलं सगळ्यात आवडलेलं जेवण आणि वाइन सांगायची असं ठरलं. कुणी मोझेलकाठच्या रीसलिंगचं नाव घेतलं, कुणी लिआँच्या एका रेस्टॉरंटमधल्या लांबलचक जेवणाचं वर्णन केलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, जूनमधली पेज. पेज म्हणजे काय, असं विचारल्यावर ‘भाताचं सूप’ असं काहीतरी माझ्या तोंडून निघालं, त्याचं अजून वाईट वाटतंय. परतताना ट्राममध्ये तू विचारलंस, “आई, पेज एवढी आवडली होती तर आजीला तेव्हाच का नाही सांगितलंस? आजीच्या घरी कुणीच कधी ‘छान झालंय’ म्हणत नाही. आणि जेवताना वाइनही नसते. असं का?”

आधी ती पेजच सांगते.

मे महिन्याच्या मध्याला मी कोकणात गावी पोचले. जानेवारीत आजीचं मनगट मोडलं होतं, प्लास्टर निघालं तरी हातात जोर नव्हता, आणि परसातले रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकून झाडाखाली सडा पडत होता. रातांबे पावसाआधी उरकावे लागतात. फळ अर्धं कापायचं, आतला गर-बिया काढायच्या, सालं उन्हात टाकायची. गराच्या रसात मीठ घालून त्यात ती सालं बुडवायची, पुन्हा वाळवायची, पुन्हा बुडवायची. याला पुटं देणं म्हणतात. पुटं जितकी जास्त तितकी सोलं, म्हणजे ती वाळलेली सालं, काळी आणि आंबट. नुसता खारवलेला रस गाळून बाटलीत भरला की ते आगळ. बियासुद्धा टाकत नाहीत, त्यांचं तेल निघतं, थंडीत तुझ्या फुटलेल्या ओठांना मी लावते ते कोकमाचं तेल हेच. दहा-बारा दिवस मी आणि आजी खळ्यात सोलं पसरत होतो आणि आभाळ काळवंडलं की धावत जाऊन गोळा करत होतो. माझी बोटं जांभळी, आजी पायरीवर बसून डाव्या हाताने दाखवणार, “थय ऱ्हवली बघ, त्या कोपऱ्यात.”

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला. १ जून ते ३१ जुलै किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, कारण हा काळ माशांच्या विणीचा, आणि समुद्रही खवळलेला. ताजा मासा बाजारात जवळजवळ नाहीच. घरात उन्हाळ्यात भरून ठेवलेलं असतं तेच खायचं: सुकट, सोडे, सुके बांगडे. त्या दिवशी सकाळी अकराला आजीने उकड्या तांदळाची पेज केली. लाल तांदूळ, फुटेपर्यंत शिजवलेला, वर मीठ आणि चमचाभर खोबरं. सुका बांगडा निखाऱ्यावर भाजला, ठेचला, त्यावर खोबरेल तेलाचे चार थेंब. आणि बरणीतली खारातली कैरी. बाहेर पावसाचा आवाज एवढा की एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. दोन वाटगे मी न बोलता प्यायले. आजीने डाव भरून विचारलं, “आणखी व्हया?” मी वाटगा पुढे केला. तिने तिसऱ्यांदा वाढली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या पुढे केलेल्या वाटग्यात आहे. आमच्या घरी चांगलं झालंय हे असंच सांगतात. आजीने मला लहानपणी एक गोष्ट मारून-मुटकून शिकवली होती: पानात पडलेल्याला नावं ठेवायची नाहीत. भाजी खारट झाली तरी गप्प खायची, कारण अन्न हे पूर्णब्रह्म, त्याला बरं-वाईट म्हणणारी तू कोण? एकदा नावं ठेवायची बंद केली की वाखाणणंही आपोआप थांबतं. जिथे गुण द्यायचेच नाहीत तिथे दहापैकी दहा तरी कसे देणार? शिवाय जास्त कौतुक केलं तर दृष्ट लागते हेही होतंच. म्हणून स्तुती शब्दांतून निघून दुसऱ्या वाटेने जाते. कुणी पुन्हा वाढून घेतो. कुणी कढीचा भुरका मोठ्याने मारतो. कुणी विचारतो, “वाटप कोणी लावलं?” (वाटप म्हणजे वाटलेला खोबऱ्याचा मसाला.) पंगतीत यजमान “सावकाश होऊ द्या” म्हणत फिरतो आणि तुम्ही त्याच्या आग्रहाला मान देता, तीच दाद. आजी स्वतः फक्त एवढंच विचारते, “मीठ बरा आसा मगो?” आणि सगळ्यांत मोठं प्रमाणपत्र म्हणजे तुझ्या आजोबांचं “बरा झाला.” एवढ्या दोन शब्दांवर तिची पन्नास वर्षं गेली.

दुसरी वाट भांड्यांची. आजीकडून शेजारी फणसाची भाजी गेली की ते भांडं कधी रिकामं परत येत नाही. ओले काजूगर येतात, आंबोळ्या येतात, काहीच नसेल तर मूठभर साखर येते. तुला ते गमतीचं वाटलं होतं, पण त्या भांड्यात काय आणि किती परत आलं यावरून आजीला बरोबर कळतं की भाजी कशी झाली होती.

आता वाइनचं. गेल्या वर्षातली माझी आवडती वाइनही कोकणातच प्यायले, हे मी त्या रात्री सांगितलं नाही. जानेवारीत मनगटाची बातमी कळून मी धावत गेले, तेव्हा मुंबईहून वाटेत एक रात्र अलिबाग तालुक्यात मावशीकडे राहिले. त्या रात्री शेतात पोपटी लावली होती. पोपटी म्हणजे वालाच्या शेंगांचा हंगाम आणि थंडी एकत्र आल्यावरच होणारी गोष्ट. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मधे अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला दाबून तोंड बंद. मग मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. पाण्याचा थेंबही घालत नाहीत, शेंगा स्वतःच्या ओलाव्यात शिजतात. अर्ध्या तासाने मडकं उघडलं आणि वास सुटला, भांबुर्ड्याचा तो कडवट-सुगंधी वास मला कुठल्याही हॉटेलात कधी मिळालेला नाही. मावसभावाने नाशिकची शेनिन ब्लांक आणली होती, विहिरीच्या पाण्यात बादलीत ठेवून गार केलेली. धुरकट वाल, ओवा आणि ती किंचित गोडसर, फळाच्या वासाची वाइन. स्टीलच्या पेल्यातून प्यायलो. दोन्ही एकमेकांना इतकी धरून होती की मी ते कायम लक्षात ठेवीन.

तुला एक गंमत सांगते. इथे आपल्या माइन्झच्या आसपास द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढतात, नाशिकला जानेवारी ते मार्च. तिथे वेल हिवाळ्यात झोपत नाही, वर्षातून दोनदा छाटणी करून पावसाळ्यानंतरचं पीक घेतात. म्हणजे आम्ही पोपटीभोवती बसलो होतो तेव्हा घाटावर नव्या वाइनची द्राक्षं उतरायला लागली होती.

मग आजीच्या घरी वाइन का नाही? कोकणात मद्य नव्हतं असं मुळीच नाही. माडाची माडी पूर्वापार आहे, भंडारी लोकांचा तो पिढीजात धंदा. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला आणि गोव्यात त्याच्या बोंडवांची, म्हणजे काजूच्या रसाळ फळांची, फेणी होऊ लागली, तिला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. गावच्या राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, राखण देताना कोंबड्याबरोबर दारूही ठेवतात. पण घरातलं पान आधी देवाला दाखवलेलं असतं, त्या पानाशेजारी दारू ठेवायची रीत नाही. पिणारे जेवणाआधी पितात, बाहेर पडवीत किंवा मागे माडाखाली, आणि पान मांडलं की पेला बाजूला. मी काही दारू वाईट म्हणून सांगत नाही, ती कुठे बसते एवढंच सांगते.

आणि खरं म्हणजे वाइन जे काम करते ते आमच्याकडे सोलकढी करते. तेलकट बांगडा, वाटपातलं खोबरं, तिखट, हे सगळं जिभेवर बसतं, त्याला कापायला आंबट लागतं. रीसलिंग आंबटपणाने कापते, सोलकढी आगळाने. माशाच्या कढीत कधी चिंच घालतात, त्या चिंचेतलं मुख्य आम्ल टार्टारिक, तेच द्राक्षातलं. कोकमातलं वेगळं, पण कापायचं काम तेच. सोलकढी म्हणजे नारळाचं पहिलं दाट दूध, आगळ, ठेचलेली लसूण-मिरची, मीठ, कोथिंबीर. चुलीवर चढवायची नाही, दूध फाटतं. भाताचे शेवटचे चार घास तिच्याबरोबर, उरलेली वाटीने प्यायची. मुंबईत एका झगमगीत हॉटेलात मला भडक गुलाबी सोलकढी दिली, तिच्यात आगळ नावालाही नव्हतं, रंगच घातलेला होता. मी ती अर्धी टाकली. पानात टाकू नये हे मला कळतं, तरी टाकली.

आता ऑक्टोबरचं. ते तुला माहीत आहे, पण तू झोपेत होतीस म्हणून पुन्हा सांगते. नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला उठवलं, उटणं लावलं, अंघोळ झाली, मग तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायला लावलं आणि त्याचा कडू थेंब जिभेवर टेकवला तेव्हा तू मला रागाने बघितलंस. त्यानंतर फोव. दिवाळी म्हणजे चकली-करंजी हे मला शाळेत गेल्यावर कळलं, आमची दिवाळी पोह्यांची. नारळाच्या दुधातले गुळाचे गोड, दह्यातले, फोडणीचे तिखट, बटाट्याचे, आणि बाजूला काळ्या वाटाण्यांची उसळ. आपल्या घरी खाऊन संपत नाही, वाडीत घरोघर बोलावणं असतं. आपण सहा घरं फिरलो. पाचव्या घरी तू माझ्या कानात म्हणालीस, आता पोट फुटेल. तरी त्या काकूंनी पुढे केलेली बशी तू घेतलीस आणि थोडं खाल्लंस, ते मला फार आवडलं. त्या घरी तूही रीतीप्रमाणेच वागलीस, तुला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी बांगडे आले. पावसानंतरचा बांगडा, पोटात चरबी असलेला. आजीने तिखलं, म्हणजे माशाचं तिखट कालवण, केलं. तिरफळांचं काळं बी काढून साल ठेचली, आणि उजव्या हाताने वाटप ढवळलं. जानेवारीनंतर पहिल्यांदा मी तिला उजव्या हाताने डाव धरताना पाहिलं. जेवताना तू सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालीस, “आजी, एक नंबर झालंय!” आजोबा थांबले. काकाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता आजी काहीतरी बोलणार. ती उठली, चुलीपाशी गेली, पाठमोरी उभी राहिली आणि म्हणाली, “काय म्हटलंस?” तिला नीट ऐकू गेलं होतं, बाय. तू पुन्हा सांगितलंस. मग तिने तुला दुसरा बांगडा वाढला, डोक्याकडचा, जो ती नेहमी आजोबांसाठी ठेवते.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर देताना मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ही रीत मला कळते, तिच्यात मी वाढले, पानाला नावं न ठेवण्याचा भाग मी तुलाही शिकवेन. पण न बोलण्याचा भाग मला आता पटत नाही. त्या पाठमोऱ्या आजीला बघून मला कळलं की तिला पन्नास वर्षं हे ऐकायचं होतं, आणि घरातल्या कुणीच, मीही, कधी म्हटलं नव्हतं. जूनमधली पेज माझ्या वर्षातलं सगळ्यात चांगलं जेवण होतं हे मी माइन्झमधल्या आठ माणसांना सांगितलं आणि जिने ती रांधली तिला सांगितलं नाही.

काल तिला फोन केला. सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग म्हणाली, “साधी पेज ती.” नंतर विचारलं, “सुको बांगडो संपलो काय? पाठवूक व्हयो?” मी हो म्हटलं. पार्सल निघेल तेव्हा निघेल.

तू रविवारी परत आलीस की आपण फ्रीजरमधले बांगडे काढू. तिरफळं डब्यात तळाशी आहेत, पण ती कढ आल्यावर घालायची की आधी, हे मला दरवेळी विसरायला होतं. तू आजीला फोन करून विचार. माप विचारू नकोस, ती ‘अंदाजान’ म्हणेल. कधी घालायची तेवढं विचार, आणि तिला बोलू दे.

तुझी,
आई