घाटावर काम देण्याआधी

ताई, नदीच्या घाटावर चित्रं-शिल्पं करून घेणाऱ्या समितीत तुम्ही आलात, फार बरं वाटलं. कलाकार शोधायच्या आधी पाटबंधारे खात्याकडून पूररेषेचा नकाशा आणा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. निळीच्या आत जे बसवाल ते कधी ना कधी बुडणार, असंच धरून चाला.

आमच्या वेळी भिंतीवर मासोळ्यांचं देखणं चित्र काढून घेतलं होतं. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगा चढली. पाणी उतरल्यावर बोटभर गाळ खरवडला, तर रंगाचे पोपडेच हातात आले. रडू आलं हो मला. खाली दगड कोरून घ्या, रंग वरच्या भिंतीवर ठेवा. लोखंडी बाक तर नकोच, मे महिन्यात टेकवत नाही त्यावर.

कलाकाराला आधी दोन दिवस घाटावर नुसतं बसवा. धुणं कुठं होतं, डोंगे कुठं लागतात, दशक्रिया कुठं होते, हे मासे धरणाऱ्या ढिवरांकडून आणि बायांकडून कळू द्या.

पैसे टप्प्याटप्प्यानं द्या, देखभालीचे वेगळे काढा. काम हलवायचं झाल्यास कलाकाराला कळवायचं, हेही करारात लिहा. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उखडून कोठारात टाकलं होतं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते त्यांना परत द्यायला लावलं, वर ५ लाखांची भरपाई.

आणि भंडाऱ्याच्या पितळ कारागिरांना जरूर विचारा. एवढा हात जवळ असताना लांब कशाला जायचं?