दोरांचं शिल्प आत, ब्राँझ बाहेर

प्रश्न : दिल्लीतल्या एका संग्रहालयात काही वर्षांपूर्वी दोरांना गाठी मारून केलेलं भलंमोठं शिल्प पाहिलं होतं. यंदा लेकीला मुद्दाम दाखवायला नेलं, तर ते आत ठेवलेलं. शेजारचं ब्राँझ मात्र जागेवरच. सर, इतकं चांगलं काम कोठीत का टाकतात?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : तुमची हळहळ मला पटते. पण ते शिल्प कमी दर्जाचं ठरलं म्हणून आत गेलेलं नाही. कायम काय मांडायचं, हे पुष्कळदा शिल्प कशाचं घडलंय त्यावर ठरतं.

माझ्या कामाच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीशी इतवारीतून आणलेली, रंगवलेली सुतळी टांगलेली आहे. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. उन्हाकडची बाजू विटून मातकट झाली, भिंतीकडची अजून गर्द जांभळी आहे. विटलेला धागा चिमटीत धरला की त्याचा भुगा होतो. उजेडानं झालेली झीज भरून येत नाही, ती साठतच जाते. म्हणून रंगीत धागा, कापड, कागद यांच्यावर साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड ठेवतात आणि ठरावीक काळानं त्यांना अंधारात विसावा देतात. दगडाला, ब्राँझला उजेडाचं भय नाही. ब्राँझचा वैरी दमटपणा आणि क्षार.

शिल्पकार मृणालिनी मुखर्जींनी दोरांची शिल्पंही केली आणि पुढे ब्राँझचीही. एकाच हातची कामं, पण त्यांना सांभाळायची रीत वेगळी.

वजनाचंही आहेच. स्पेनमध्ये बिल्बाओ शहरातल्या गुगेनहाइम संग्रहालयात रिचर्ड सेरांची आठ अजस्र पोलादी शिल्पं १३० मीटर लांब दालनात कायमची उभी आहेत. ती दर हंगामाला कोण हलवणार? त्याच संग्रहालयाच्या दाराशी जेफ कून्स यांचा फुलांचा कुत्रा आहे. तोही कायमचा, पण त्याची रोपं वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरात, बदलतात.

अदलाबदल हवीच, नाहीतर कोठीतलं काम कुणाच्या नजरेस पडायचं नाही. माझा राग आहे तो मुक्या रिकाम्या जागेवर. शिल्प का हलवलं आणि पुन्हा केव्हा मांडणार, एवढी पाटी तिथे असायलाच हवी. लांबून, पदरचे पैसे घालून माणसं येतात.

पुढच्या वेळी निघण्याआधी संग्रहालयाला ईमेल करा. शिल्पकाराचं नाव लिहा, जुना फोटो असेल तर जोडा. फोटोत पाटीवरचा संग्रह क्रमांक दिसत असेल, तर तो आधी कळवा. त्यावरून त्यांना शिल्प चटकन सापडतं.