काजूगराला जाळी लागली तर

प्रश्न: माहेरहून, वेंगुर्ल्याहून आलेले काजूगर मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात भरून माळ्यावर ठेवले होते. गोकुळाष्टमीला डबा उघडला तर गर जाळीने एकमेकांना चिकटलेले, मध्ये पांढुरक्या अळ्या, तळाशी भुसा. काही गरांवर हिरवट पूडही दिसते. शेजारच्या वहिनी म्हणतात, गोदामात ठेवतात ती गोळी पुरचुंडीत बांधून टाका. टाकू का? की सगळेच फेकून देऊ? शिवाय यंदा पेटीतले हापूस देठाकडून काळे पडत गेले, ते कशाने?
– एक वाचक, लालबाग

उत्तर: ताई, ती गोळी घरात आणूच नका. आणली असेल तर तिला हात न लावता आजच परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! या विषावर उतारा नाही. चाळीत भिंतीला भिंत लागून असते, तेव्हा वायू फटींतून शेजारच्या खोलीतही जातो. दुकानदारांना ती सर्वसामान्य माणसाला विकायची परवानगीच नाही. वाशीच्या मसाला मार्केटात सुकामेव्याची तपासणी करण्यात माझं आयुष्य गेलं. तिथे थप्पीवर ताडपत्री घालून, कडा बंद करून, जाणकार माणसं धुरी देतात आणि नंतर माल कितीतरी वेळ मोकळ्या हवेत ठेवतात. वहिनींनाही हे नीट समजावून सांगा.

आता गर. हिरवट पूड असलेले निवडा आणि फेका, त्यांना चिकटलेलेही फेका. ही बुरशी ॲस्परजिलसची असू शकते. तिचं अफलाटॉक्सिन नावाचं विष यकृताला घातक असतं, आणि गर भाजला, तळला, वाटणात घातला तरी ते पुरतं जात नाही. पुसून, धुऊन वापरू असं मनातही आणू नका. बुरशी डबाभर पसरली असेल तर सगळाच डबा जाऊ द्या. माहेरचा माल टाकताना जीव तुटतो, मला कळतं. तरीही टाका.

नुसती जाळी लागलेल्यांचं तसं नाही. ते काम पतंगाच्या अळीचं. संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती एखादा बारका पतंग फिरताना दिसला असेल, पंखाचा पुढचा भाग फिकट आणि मागचा तांबूस, तोच हा. पोखरलेले गर काढा. धड दिसणाऱ्यांवरही अंडी असू शकतात, आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या घट्ट बांधून फ्रीजरमध्ये ठेवा. वजा 18 अंशाला चार दिवस पुरतात, पण घरचा फ्रीज सारखा उघडला जातो, म्हणून आठवडाभर राहू द्या. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडू नका. गर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ती बंदच हवी, नाहीतर गार गरांवर दव धरतं आणि ते सादळतात. पुढे काचेच्या, रबर असलेल्या बरणीत भरा. पातळ प्लास्टिक अळी कुरतडते. भाजल्यानेही कीड मरते, पण भाजलेला गर लवकर खवट होतो. लवंग, तमालपत्राने अळी मरत नाही.

जुन्या डब्याच्या झाकणाची खाच टाचणीने साफ करा. अळ्या कोषात जायला वर चढतात, तेव्हा माळ्याचे कोपरे, फळीच्या फटी आणि खिळ्यांची भोकंही झाडून घ्या. पुढच्या मे महिन्यात गर आले की डब्यात भरण्याआधी आठवडाभर फ्रीजरमध्येच घाला. सांगली-तासगावचे बेदाणेसुद्धा व्यापारी कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवतात, ते उगाच नाही.

आंब्याची ती देठकूज असावी. तिची बुरशी बागेतच शिरते, फळ हिरवं असताना गप्प असते आणि पिकताना पसरते. पॅकहाउसमध्ये, म्हणजे आंबे निवडून पेटीत भरतात तिथे, 52 अंशाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ती बरीच आवरता येते. घरी गॅसवर हे तापमान राखणं जमत नाही, नादी लागू नका. पेटी घेताना बोटाच्या पेराएवढा देठ असलेला आंबा मागा. देठ तुटून चीक ओघळलेलं फळ लवकर कुजतं. पेटीतलं एक जरी काळं पडलं तरी ते त्याच दिवशी वेगळं काढा.