पेन्सिल्व्हेनियातल्या जुन्या दुर्घटनांचा शोध: वाचकांचे प्रश्न

पेन्सिल्व्हेनियातले पूर आणि खाणीतले स्फोट यांवर अभ्यास करणाऱ्यांच्या पत्रांत तेच ते घोळ परत परत येतात. त्यातली काही पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: जॉन्सटाउनच्या पुरात नक्की किती माणसं गेली? कुठे २,२०९ दिसतं, कुठे २,२०८, कुठे दहा हजार. एका व्हिडिओत तर जवळजवळ तीन हजार सांगितलेत. मुलांच्या प्रकल्पात कुठला आकडा घालू? (शिक्षिका, नाशिक)

२,२०९ घाला, आणि तो कुठून आला तेही शेजारी लिहायला लावा. ही दुसरी ओळ कोणीच लिहीत नाही, म्हणून हे सगळं होतं.

पूर आला ३१ मे १८८९ च्या दुपारी. शहराच्या वर १४ मैलांवरचा साउथ फोर्कचा मातीचा बांध फुटला. तारा तुटलेल्या, रेल्वे बंद, त्यामुळे पहिल्या आठवड्यातल्या बातमीदारांनी अंदाजाने आकडे ठोकले. दहा हजार हा त्यातलाच. त्याच आठवड्यात हंगेरियन मजूर प्रेतांची बोटं कापून अंगठ्या चोरताहेत आणि लोक त्यांना फाशी देताहेत, असंही छापून आलं होतं. ते खोटं निघालं. घोड्यावर बसून गावोगाव इशारा देत सुटलेल्या वीराची गोष्टही त्याच काळातली आणि तशीच. अशा अंकांतून लोक काय बोलत होते ते कळतं. माणसं मोजायला ते वापरू नयेत.

२,२०९ हा आकडा नावांच्या यादीवरून आला. ती यादी 'जॉन्सटाउन ट्रिब्यून'ने पुरानंतर सुमारे १४ महिन्यांनी छापली. तोवर हरवलेल्यांपैकी कोण परतलं आणि कोण नाही, हे बरंचसं स्पष्ट झालं होतं; सगळं नव्हे. मृतांत धरलेला एक गृहस्थ ११ वर्षांनी गावात हजर झाला, इतकी वर्षं तो मॅसॅच्युसेट्समध्ये राहत होता. त्याला वजा करणारे २,२०८ लिहितात. दोन्ही चालतील, पण का ते सांगता आलं पाहिजे.

आता तुमचे 'जवळजवळ तीन हजार'. ग्रँडव्ह्यू स्मशानभूमीत अनोळखी मृतांच्या भागात ७७७ संगमरवरी शिळा आहेत. २,२०९ मध्ये ७७७ मिळवले की २,९८६ होतात. कुणीतरी ही बेरीज केली आणि बाकीच्यांनी उतरवून घेतली. पण जी माणसं सापडली नाहीत म्हणून यादीत नावाने आहेत, त्यांच्यातल्याच अनेकांची प्रेतं ओळख न पटता त्या शिळांजवळ पुरलेली आहेत. एकच माणूस एकदा नावाने आणि एकदा दगडाने मोजला जातो. उलट बाजूने, स्पेलिंग वेगळं म्हणून यादीत दोनदा आलेली माणसं असू शकतात, आणि हॉटेलात उतरलेले किंवा गाडीतून चाललेले परगावचे प्रवासी अजिबात नसू शकतात. प्रेतं पार सिनसिनाटीपर्यंत वाहत गेली होती आणि १९११ पर्यंत सापडत होती, हेही लक्षात घ्या.

म्हणून कुठलाही आकडा घेताना तीन गोष्टी विचाराव्या: कोणी मोजलं, घटनेनंतर किती दिवसांनी मोजलं, आणि 'मृत' म्हणताना कोणाकोणाला धरलं. हे विचारायला पाच मिनिटं लागतात. ती वाचवायची म्हणून लोक वर्षानुवर्षं चुकीचा आकडा पुढे ढकलतात, याचा मला मनापासून संताप येतो.

आणखी एक. जॉन्सटाउनला मोठे पूर तीनदा आले: १८८९, मार्च १९३६ आणि जुलै १९७७. १९७७ मध्येही वरचे बांध फुटले आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. इंटरनेटवर तिघांचे फोटो एकात एक मिसळलेले आहेत. फोटोत मोटारी उलटून पडलेल्या दिसत असतील तर तो १८८९ चा नाही, एवढं तरी पाहावं. प्रकल्प पक्का करण्याआधी जॉन्सटाउन फ्लड नॅशनल मेमोरियलला ईमेल करून विचारा.

प्रश्न: आनंदीबाई जोशींनी जॉन्सटाउनच्या पूरग्रस्तांवर उपचार केले, असा फॉरवर्ड आला आहे. खरं का? (वाचक, ठाणे)

नाही. आनंदीबाई फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या, पूर १८८९ चा. पुढचा फॉरवर्ड पंडिता रमाबाईंच्या नावाने येईल म्हणून सांगून ठेवतो: मार्च १८८९ मध्ये त्या मुंबईत शारदा सदन सुरू करत होत्या.

प्रश्न: १८८९ च्या पुरात गेलेल्या एका कुटुंबावर लिहीत आहे. मृत्यूचे दाखले कुठे मिळतील? (लेखिका, पिट्सबर्ग)

मिळणार नाहीत, ते कधी निघालेच नव्हते. पेन्सिल्व्हेनियात राज्य पातळीवरची मृत्युनोंदणी १ जानेवारी १९०६ पासून आणि काउंटी पातळीवरची १८९३ पासून आहे. पूर दोन्हींच्या आधीचा.

त्याऐवजी तात्पुरत्या शवागारांच्या नोंदवह्या पाहा. त्यात प्रेताचा क्रमांक, अंदाजे वय, अंगावरचे कपडे, खिशातल्या वस्तू असं लिहिलेलं असतं. मग चर्चची दफननोंद, स्मशानभूमीचं दप्तर आणि एबेन्सबर्गच्या कँब्रिया काउंटी न्यायालयातली वारसाची कागदपत्रं. जनगणनेत १८९० शोधत बसू नका. ती कागदपत्रं १९२१ च्या आगीत आणि त्यानंतरच्या हेळसांडीत जवळजवळ सगळी गेली. १८८० आणि १९०० ताडून बघा. १९०० च्या तक्त्यात बाईला किती मुलं झाली आणि किती हयात आहेत असे दोन रकाने आहेत. त्यांतला फरक पुष्कळदा वाट दाखवतो, पण मुलं पुरातच गेली हे त्यावरून ठरत नाही. तेवढ्यासाठी जॉन्सटाउन एरिया हेरिटेज असोसिएशनच्या अभिलेखपालांना विचारा.

प्रश्न: एक वेबसाइट १९१० च्या दाखल्याच्या 'प्रमाणित ऐतिहासिक प्रती'साठी ५९ डॉलर मागते. भरू का?

नका भरू. ५० वर्षांपेक्षा जुने मृत्यूचे दाखले राज्य अभिलेखागारात सर्वांसाठी खुले आहेत आणि त्यांच्या डिजिटल प्रती अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळ शोधण्याच्या वेबसाइटवर आहेत. पेन्सिल्व्हेनियाच्या रहिवाशांना त्या फुकट पाहता येतात. इतरांनी आधी जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात चौकशी करावी. मधला माणूस तुमच्याच नावाने फॉर्म भरतो आणि फरकाचे पैसे खिशात घालतो.

प्रश्न: १८८९ च्या पुराचं 'अस्सल त्या काळचं' पोस्टकार्ड विकत मिळतंय. घ्यावं का?

पाठीमागे मधोमध उभी रेघ आहे का पाहा. पत्ता आणि मजकूर असे दोन भाग करणारी ती रेघ अमेरिकेत मार्च १९०७ पासून आली. खाजगी छपाईच्या कार्डांना सवलतीचा टपालदर मिळाला तोही १८९८ मध्ये. म्हणजे मागाहून छापलेलं कार्ड. पुराच्या काळातले विकाऊ फोटो बहुतेक दोन चित्रं शेजारी-शेजारी चिकटवलेल्या जाड पुठ्ठ्यावर असत, आणि त्यांच्याही नकला निघतात. जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न: आमच्या सूनबाई अमेरिकन, माहेर मूळचं स्लोव्हाक. त्यांचे पणजोबा 'डिसेंबर १९०७ च्या मोठ्या खाणस्फोटात' गेले, एवढंच घरात ठाऊक आहे. शोध कुठून सुरू करू? (निवृत्त बँक अधिकारी, कोल्हापूर)

आधी स्फोट कुठला ते ठरवा. १ डिसेंबरला फेएट सिटीजवळ नाओमी खाणीत ३४ गेले. ६ तारखेला मोनोंगा, अधिकृत आकडा ३६२, पण ते वेस्ट व्हर्जिनियात, म्हणजे दप्तरच वेगळ्या राज्याचं. १९ तारखेला व्हॅन मीटरजवळ डार खाणीत २३९. वर्षभरात देशातल्या खाणींत तीन हजारांवर माणसं गेली. काही जण हा वर्षाचा आकडा एकट्या डिसेंबरचा म्हणून देतात, तो घेऊ नका.

नाओमी किंवा डार असेल तर १९०६ नंतरचं असल्याने दाखला असायला हवा. मात्र नाव जसं कारकुनाच्या कानावर पडलं तसं लिहिलेलं असेल. 'यान'चा 'जॉन' झालेला, आडनावाची चार रूपं, जन्मस्थान नुसतं 'ऑस्ट्रिया' किंवा 'हंगेरी'. म्हणून नावाने न शोधता तारीख आणि काउंटीने शोधा. मग खाण निरीक्षकांचा १९०७ चा वार्षिक अहवाल घ्या. दगडी कोळशाचे तिथे दोन विभाग आहेत: पूर्वेचा अँथ्रासाइट आणि पश्चिमेचा बिट्युमिनस. या खाणी पश्चिमेच्या, त्यामुळे पूर्वेच्या विभागाच्या अहवालात वेळ घालवू नका. अहवालातल्या तक्त्यात नाव, वय, काम, राष्ट्रीयत्व, मागे विधवा आणि मुलं किती, हे सापडतं. खाण विभागाच्या अपघातांच्या नोंदवह्या हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागारात आहेत.

तिथे हाती काही लागलं नाही तर बंधुमंडळांकडे, म्हणजे स्थलांतरितांच्या परस्परसाहाय्य संस्थांकडे वळा. नॅशनल स्लोव्हाक सोसायटी (पिट्सबर्ग, १८९०) किंवा ग्रीक कॅथलिक युनियन (१८९२) यांसारख्या संस्था सभासदाच्या मृत्यूनंतर घरच्यांना विमा देत, त्यामुळे वारसाचं नाव त्यांच्या कागदांत असतं. चर्चच्या वहीतली तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची असू शकते. त्या काळी फरक १३ दिवसांचा, म्हणजे १९ डिसेंबर तिथे ६ डिसेंबर होतो. नेमका मोनोंगाचा दिवस! घोटाळा इथेच होतो. ऑलिव्ह ब्रांच स्मशानभूमीत डारचे ७१ जण एकाच कबरीत आहेत आणि त्यातले ४९ अनोळखी, त्यामुळे स्वतंत्र कबर मिळेलच असं धरून प्रवासाची तिकिटं काढू नका. आधी अभिलेखागाराच्या संदर्भ विभागाला लिहा. आणि सूनबाईंच्या घरातली वृद्ध मंडळी काय सांगतात ते आत्ताच लिहून घ्या, पुढच्या सुट्टीची वाट पाहू नका.

प्रश्न: जॉन्सटाउनच्या वरचा साउथ फोर्कचा बांध अतिवृष्टीने फुटला की त्याची मालकी असलेल्या श्रीमंतांच्या क्लबमुळे? (स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली)

पाऊस प्रचंड होता, आणि क्लबच्या हातात येण्याआधीच तळातले पाच ओतीव लोखंडी नळ काढून भंगारात विकलेले होते, त्यामुळे तलाव रिकामा करायची सोय उरली नव्हती. क्लबने माथा काही फुटांनी खाली घेतला आणि मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. अभियंत्यांच्या संस्थेचा अहवाल १८९१ पर्यंत दाबून ठेवला गेला, आणि त्यात बांध तसाही वाचला नसता असं म्हटलं होतं. २०१६ च्या जलशास्त्रीय अभ्यासाने ते खोडून काढलं. दोन्ही वाचा आणि सांडव्याचं गणित मार्गदर्शकांकडून तपासून घ्या. हाच बांध १८६२ मध्येही फुटला होता, ते यात मिसळू नका.

प्रश्न: डोनोरा गावात १९४८ मध्ये कारखान्यांच्या धुरामुळे साचलेल्या विषारी धुक्यातल्या २० मृत्यूंच्या दाखल्यांवर कारण 'धूर' असं आहे का?

तसं शोधू नका. दाखल्यावर सहसा हृदय किंवा फुप्फुसाचा आजारच लिहिला जातो. ऑक्टोबरच्या अखेरच्या दिवसांतले वॉशिंग्टन काउंटीचे दाखले काढा, १९४९ चा सार्वजनिक आरोग्य सेवेचा अहवाल शेजारी ठेवा, आणि निष्कर्ष काढायच्या आधी साथरोगतज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न: सेंट्रेलियात जमिनीखालची आग अजून आहे म्हणे. फिरून व्हिडिओ करता येईल?

तिथली कोळशाची खाण १९६२ पासून जळते आहे. जमीन खचते, विषारी वायू बाहेर येतो. जाऊ नका.