ओसरीवरची फेटेवाली माणसं

‘ताई, सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. महिनाभर त्यांना तिन्हीसांजेला ओसरीवर हातभर उंचीची, फेटा बांधलेली माणसं दिसतात. नणंद म्हणते बाहेरचं आहे, भगताकडे नेऊ. मिस्टर म्हणतात म्हातारपणाचं वेड. मी काय करू?’

सूनबाई, सासूबाईंचं म्हणून तुम्ही एक वाक्य लिहिलंय: ‘तिथं कुणी नाही हे कळतंय गं मला, पण दिसतंय.’ वेड लागलेलं माणूस सहसा असं बोलत नाही. ती माणसं एक शब्द बोलत नाहीत, टॉर्च मारला की जातात. आणि पत्राच्या पार शेवटी, जाता जाता कळवलंत की काचबिंदूनं त्यांची नजर बरीच गेलीय. अहो, ते आधी लिहायचं!

डोळ्यांकडून येणारं कमी झालं की मेंदू गप्प बसत नाही, पदरची चित्रं घालतो. माणसं, फुलं, जाळीची नक्षी. याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. बॉने स्वित्झर्लंडचे, १७६० मध्ये त्यांनी आपल्या आजोबांना काय काय दिसतं ते लिहून ठेवलं. (भोगलं आजोबांनी, नाव लागलं नातवाचं!)

तुमच्या घरच्यांचा अंदाज बरोबर की माझा, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना ठरवू द्या. तोवर ओसरीवर मोठा दिवा लावा. माणसं दिसली की मान न हलवता नजर डावी-उजवीकडे फिरवायला सांगा. पुष्कळांची त्यानं जातात.

मात्र भास एक-दोन दिवसांत एकाएकी वाढले, त्या बरळू लागल्या, सकाळ की रात्र कळेनाशी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीतलं इन्फेक्शन, रक्तातलं सोडियम घसरणं, नवी सुरू झालेली एखादी गोळी, अगदी सर्दीचीसुद्धा, म्हाताऱ्या माणसाला असं करते. चालणं मंदावलं, झोपेत हातपाय झाडू लागल्या, तर मेंदूचा वेगळा आजार असू शकतो, न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. ‘शांत राहायची गोळी’ मेडिकलमधून परस्पर आणू नका. अशा आजारात त्यातल्या काही जिवावर बेततात.

भगत उपास धरायला लावील, धुरी देईल, आणि काचबिंदूचे थेंब चुकतील. ते एक दिवसही चुकवू नका. नणंदबाईंना म्हणावं, एका संध्याकाळी आईशेजारी ओसरीवर बसा आणि विचारा, फेटे कुठल्या रंगाचे आहेत.