कृष्णवड बियांपासून होईल का?

प्रश्न : आमच्या गावच्या देवळाच्या आवारात जुना कृष्णवड आहे, देठाशी द्रोणासारखी पानं असलेला. यंदा फळं भरपूर लागली. खाली पडलेली गोळा करून वाळवली, चुरली आणि कुंडीत मातीखाली पेरली. दीड महिना झाला, एकही कोंब नाही. बी वांझ आहे का? आणि उगवलंच तर पानांना द्रोण येईल का?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : कुंडी फेकू नका, पण तिच्यावर आता भिस्तही ठेवू नका. वडाचं बी खसखशीएवढं असतं आणि रुजायला त्याला उजेड लागतो. मातीखाली गेलं की संपलं. वड भिंतीच्या फटीत आणि ताडाच्या खाचेत का उगवतो, हे त्यावरून कळेल. बुलबुल, तांबट, मैना, वटवाघळं फळं खाऊन विष्ठेतून बी तिथे टाकतात, ते उघड्यावर राहतं आणि पावसाची ओल धरून रुजतं. आपणही तेच करायचं.

फळं जमिनीवरची वेचू नका. बरीचशी किड्यांनी पोखरलेली असतात. झाडावरची लाल होऊन मऊ पडलेली काढा. त्याच दिवशी वाटीभर पाण्यात चोळा. पोकळ बी, साली आणि गर वर तरंगतात, ते ओतून द्या. तळाशी बसतं ते भरलेलं बी. फडक्यावर घेऊन सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. पसरट कुंडीत खाली विटांचे तुकडे, वर बारीक चाळलेलं पानांचं खत आणि वाळू भरा. बी नुसतं वर भुरभुरायचं, हाताने अलगद दाबायचं, माती अजिबात टाकायची नाही. पाणी झारीने नको, बी वाहून जातं. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवा, म्हणजे ओल खालून चढेल आणि मुंग्याही येणार नाहीत. मुंग्या बी उचलून नेतात, हे फार थोडे लोक लक्षात घेतात. वर काच ठेवा, जागा उजेडाची पण थेट उन्हाची नको. कोंब दिसले की काच थोडी सरकवा. कोंदट हवेत ही इवली रोपं रातोरात माना टाकतात.

आता द्रोणाचं. इथे मला तुमची थोडी निराशा करावी लागेल, पण कारण इतकं सुंदर आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. वडाचं फळ म्हणजे आत वळलेला फुलोरा. त्याच्या तोंडाच्या बारीक भोकातून एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरते, शिरताना तिचे पंख बहुधा तुटतात. बरोबर आणलेले परागकण ती फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची पिल्लं वाढून बाहेर पडायला काही आठवडे जातात. त्याच सुमारास आतली नरफुलं उमलतात आणि नव्या माश्या तो पराग घेऊन उडतात. पण एका झाडावरची फळं साधारण एकाच टप्प्यावर असतात, म्हणून त्यांना दुसरा वड गाठावा लागतो. याचा अर्थ तुमच्या कृष्णवडाच्या बियांचा बाप बहुतेक आसपासचा साधा वडच. बी खरं, रोप दमदार, पण द्रोणाची खात्री कोणी देऊ नये. कृष्णवडाची रोपं म्हणून कोणी बियांची रोपं विकत असेल, तर पानं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

कासिमीर द कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने 1901 च्या सुमारास याला स्वतंत्र जात मानून कृष्णाचं नाव दिलं. कृष्णाने चोरलेलं लोणी या पानाच्या द्रोणात लपवलं, ही कथा त्याच्यामागे आहे. आज त्याला बहुतेक जण वडाचाच एक प्रकार मानतात.

द्रोण हवा असेल तर गुटी बांधा, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटू द्या. देवळाच्या विश्वस्तांना विचारून, पावसाळ्याच्या सुरुवातीला, अंगठ्याएवढ्या जाड फांदीवर इंचभर साल गोल काढा. चीक येईल, तो थांबेपर्यंत थांबा, पुसून काढा आणि मगच ओलं शेवाळ लावून प्लास्टिकने घट्ट गुंडाळा. घाईत चिकावरच शेवाळ बांधलं तर तिथे कुजतं. पांढरी मुळं प्लास्टिकमधून दिसली की फांदी कापा.

बियांची रोपं वाया जाणार नाहीत. पेन्सिलीएवढी जाड झाली की त्यांच्यावर कृष्णवडाच्या फांदीचं कलम बांधता येतं. जी नुसती वडच राहतील, ती गावच्या माळावर किंवा शाळेच्या मोकळ्या मैदानाच्या कडेला लावा. घर, विहीर आणि पाण्याची टाकी यांच्यापासून मात्र चांगली लांब ठेवा, आणि पहिली दोन वर्षं बकऱ्यांपासून काट्यांचं कुंपण करा.